देश सुखावला का? देवनारचे आकडे सांगतात

देशाचं बरं चाललंय की नाही, यावर कट्ट्यावर रात्र रात्र वाद रंगतो. मोजूनच बघायचं तर पत्ता मुंबईतलाच आहे: देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं तिच्याकडे. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली, पाचवी २०१९-२१ मध्ये. पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून जास्त घरांत जाऊन माहिती घेतली गेली.

आधी सगळ्यात मोठी बातमी. पहिल्या फेरीत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ७९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाचव्या फेरीत हा आकडा ३५ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं याच काळात २६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेली. देश सुधारला का, या प्रश्नाला याहून मोठं ‘हो’ माझ्या बघण्यात नाही.

सर्वेक्षण करणाऱ्या बाया घरातलं चिमूटभर मीठही मागतात, बरं का! त्यावर तपासणीचा थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं. तपासलेल्या घरांपैकी ९४ टक्के घरांत ते रंगलं. गलगंडाविरुद्धची लढाई अशी स्वयंपाकघरातल्या बरणीत मोजली जाते.

मग येतो रक्ताचा थेंब. बोटाला सुई टोचून छोट्या यंत्रात हिमोग्लोबिन तिथल्या तिथे तपासतात. इथे आकडे उलटे फिरलेत. चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत ५७ टक्क्यांना. पाच वर्षांखालच्या मुलांत ५९ वरून ६७. बोटातल्या रक्तावरून अचूक निदान होतं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण दोन्ही वेळी पद्धत तीच होती, त्यामुळे ही वाढ झटकून टाकता येत नाही.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारे तीन आकडे मात्र बायकांबद्दलचे. याच दोन फेऱ्यांत स्वतः वापरत असलेलं बँक खातं ५३ टक्क्यांवरून ७९ वर. स्वतःचा मोबाइल ४६ वरून ५४ वर. आणि बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर, तिन्ही ठिकाणी एकटीनं जाण्याची मुभा? ४१ वरून ४२! खातं जनधन योजनेतून उघडून मिळतं. एकटीनं बाहेर पडायची मुभा घरच्यांनी द्यावी लागते, आणि तिथे पाच वर्षांत जेमतेम एक टक्का हलला.

जागतिक आनंद अहवालही दरवर्षी गाजतो. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठे आहात, एवढाच त्यातला मूळ प्रश्न. २०२५ मध्ये फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. भारत १२६ वरून ११८ वर. पण दुसरे घसरले तरी आपला क्रमांक वर जातो, म्हणून क्रमांकापेक्षा गुण बघावेत.

आणि आपला महाराष्ट्र? चौथ्या ते पाचव्या फेरीत दहा वर्षं किंवा जास्त शिकलेल्या स्त्रिया ४२ टक्क्यांवरून ५० वर गेल्या, बँक खातं वापरणाऱ्या ४५ वरून ७३ वर. वयाच्या मानानं उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण देशात ३८ वरून ३६ टक्क्यांवर उतरलं. महाराष्ट्रात ते ३४.४ होतं, ३५.२ झालं.