गाठ काढण्याआधी विचारा

सोनोग्राफीत बीजांडकोशावर गाठ दिसली, की घरात घबराट होते. लग्नाला चार-पाच वर्षे होऊन मूल नसेल, तर सासरची मंडळी म्हणतात, "गाठच आड येतेय, काढून टाका." पतपेढीचे कर्ज काढून ऑपरेशन होते. पुढे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला गेल्यावर डॉक्टर सांगतात, बीजे फार कमी उरली आहेत. अशा भगिनी आम्हाला भेटतात, म्हणून हे लिहीत आहोत.

साधी पाण्याची गाठ बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. सांभाळून घ्यायचे ते 'चॉकलेट सिस्ट'च्या बाबतीत. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बीजांडकोशात वाढते आणि जुने काळपट रक्त साठून ही गाठ होते. तिची साल बीजांडकोशाला घट्ट चिकटलेली असते. दुर्बिणीतून ती सोलताना चांगला भागही थोडा निघून येतो; रक्त थांबवायला डाग देतात, त्यात आणखी थोडा जळतो. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सारी बीजे सोबत असतात, नवी तयार होत नाहीत. दोन्ही बाजूंचे किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन झाले, तर नुकसान अधिक.

मग काढूच नये काय? तसे नाही. वेदना सोसवत नसतील, कॅन्सरची शंका असेल, बीज काढायची सुई पोहोचत नसेल, तर ऑपरेशन करावे लागते. एकाएकी पोटात जीवघेणी कळ येऊन उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तत्काळ दवाखाना गाठावा. नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यासाठीही काहींना ऑपरेशनचा उपयोग होतो. मात्र केवळ टेस्ट ट्यूब बेबी यशस्वी व्हावी म्हणून ही गाठ सरसकट काढू नये, असे युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली सांगितले आहे.

म्हणून सहीआधी विचारा: गाठ कोणत्या प्रकारची? 'एएमएच' तपासली का? ही रक्ताची तपासणी पाळीच्या कोणत्याही दिवशी होते व बीजांच्या साठ्याचा अंदाज देते. आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही, असे नव्हे. ऑपरेशन टळणारे नसेल, तर आधी बीजे काढून गोठवता येतील का, हेही विचारा. खर्च मोठा असतो, तोही आधीच विचारा.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का? एका घरात बाईचे दोनदा ऑपरेशन झाले होते. नवरा लॅबची पायरी एकदाही चढला नव्हता.

ऑपरेशन झालेच असेल, तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कोणत्या बाजूचे काय काढले, हे पुढच्या डॉक्टरांना लागते.