दुरंगी पाने, एकच बोली

पत्ते म्हटले की शाळेत भुवया उंचावतात. पण ब्रिज हा खेळ वेगळा आहे. २०१८ मध्ये जकार्ता येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आम्हांला मात्र या खेळाचे आकर्षण पदकांमुळे वाटत नाही. थोड्या शब्दांत पुष्कळ माहिती कशी सांगायची, हा आमच्या नेहमीच्या कामातला प्रश्न इथे बावन्न पानांच्या रूपात समोर येतो.

मेंढीकोट खेळलेल्या कोणालाही ब्रिजची मांडणी पटकन समजेल. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पाने, एकूण १३ हात. फरक असा, की हुकूम कोणता आणि हात किती करायचे, हे आधी बोली लावून ठरते. '१ इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम धरून ६ + १ = ७ हात करण्याचा पत्कर. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकमी, असा चढता क्रम असतो. पायऱ्या सात आणि प्रत्येक पायरीवर पाच प्रकार, म्हणून एकूण बोल्या ३५. पुढची बोली नेहमी आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. याशिवाय 'पास', 'डबल' आणि 'रिडबल' हे तीन शब्द. भिडूशी बोलायला एवढाच शब्दकोश!

आणि सांगायचे किती असते? बावन्न पानांतून १३ पाने ६,३५,०१,३५,५९,६०० प्रकारे येऊ शकतात. म्हणजे आपल्या पानांचे संपूर्ण वर्णन करणे अशक्यच. काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे निवडावे लागते. ही निवड जिथे फार अवघड होते, असे एक उदाहरण घेऊ.

उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने '१ चौकट' अशी सुरुवात केली. आपली पाने अशी आहेत :

इस्पिक : एक्का, ९, ६, ४, ३
बदाम : ५
चौकट : ८, ३
किलवर : राजा, राणी, गुलाम, ८, ४

एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ अशी गुणमोजणी रूढ आहे. त्याप्रमाणे आपल्याकडे ४० पैकी १० गुण आहेत. गुण बेताचे, पण दोन रंगांची पाच-पाच पाने. ५-५-२-१ अशी विभागणी दर शंभर वाटपांत सुमारे तीनदा येते. प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवर आपण लावलेल्या बोलीला ओव्हरकॉल म्हणतात. इथे ओव्हरकॉल कोणता करावा?

आधी हे पाहू, की दोन्ही रंग सांगण्याने काय साधते. भिडूकडे आपल्या रंगाची निदान तीन पाने असली, तर दोघांची मिळून आठ होतात आणि तो रंग हुकूम म्हणून चालतो. उरलेल्या ३९ पानांत इस्पिकची ८ पाने आहेत. त्यांतली तीन किंवा अधिक भिडूकडे असण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के येते. किलवरचीही तेवढीच. पण इस्पिक किंवा किलवर यांपैकी कोणत्या तरी एका रंगाची तीन पाने असण्याची शक्यता मोजली, तर ती सुमारे ८४ टक्के भरते. (प्रतिस्पर्ध्याच्या बोलीमुळे या आकड्यांत थोडा फरक पडतो, ढोबळ चित्र बदलत नाही.) एकच रंग सांगितला तर ५४, दोन्ही सांगता आले तर ८४. मधल्या तीस टक्क्यांसाठीच सारी धडपड आहे.

ही धडपड जुनी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतील ॲल्विन रॉथ यांनी एक युक्ती सुचवली. प्रतिस्पर्ध्याच्या १ च्या बोलीवर एकदम '२ बिनहुकमी' म्हणण्याची वेळ सहसा येत नाही. मग या पडून राहिलेल्या शब्दाला नवा अर्थ का देऊ नये? 'न बोललेल्या रंगांपैकी खालचे दोन माझ्याकडे लांब आहेत' असा तो अर्थ. पुढे मायामीच्या माइक मायकेल्स यांनी दुसरा पडीक शब्द शोधला, तो म्हणजे प्रतिस्पर्ध्याचाच रंग बोलणे. १ चौकटवर '२ चौकट' म्हटले, की त्याचा अर्थ 'माझ्याकडे बदाम आणि इस्पिक दोन्ही लांब आहेत.'

आता आपल्या पानांकडे वळू. न बोललेले रंग तीन, त्यांच्या जोड्याही तीनच. बदाम-इस्पिकसाठी '२ चौकट', किलवर-बदामसाठी '२ बिनहुकमी'. किलवर-इस्पिकसाठी? काहीच नाही! निरोप तीन आणि शब्द दोन, तेव्हा एक निरोप उघड्यावर राहणारच. आणि आपल्या हातात नेमका तोच आला आहे.

यावर उपाय नाही असे नाही. फ्रान्सचे पिएर गेस्टेम १९५६ मध्ये ब्रिजचे जगज्जेते ठरलेल्या संघात होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत '३ किलवर' हा तिसरा शब्दही दुरंगी पानांसाठी राखलेला आहे. तिन्ही निरोपांची सोय झाली, पण त्याची किंमत पडते. ज्याच्याकडे खरोखरच किलवरची लांबलचक रांग आहे, त्याला '३ किलवर' म्हणता येत नाही. शिवाय ठरलेला अर्थ ऐनवेळी विसरल्यामुळे झालेले घोटाळे ब्रिजच्या जगात प्रसिद्ध आहेत.

तिसरा शब्द ठरवलेला नसेल, तर उरलेले पर्याय तपासू. '२ बिनहुकमी' म्हटले तर भिडू आपल्याकडे बदामाची पाच पाने आहेत असे धरेल, आहे एक. 'डबल' म्हणजे 'बाकीचे तिन्ही रंग मला चालतील, तू निवड'. भिडू बदाम निवडण्याचा धोका इथेही आहेच. 'पास' म्हटले तर खोटे काही नाही, पण सांगितलेही काही नाही. उरल्या दोन बोल्या : '१ इस्पिक' आणि '२ किलवर'.

किलवरची पाने भरभक्कम आहेत, म्हणून '२ किलवर'चा मोह होतो. दुपारच्या सुट्टीतल्या आमच्या डावात एकदा अशीच पाने आली आणि आम्ही तो मोह आवरला नाही. प्रतिस्पर्धी भराभर चढत '४ बदाम'पर्यंत गेले. पुन्हा बोलण्याची संधी राहिली नाही. डाव संपल्यावर कळले, की भिडूकडे इस्पिकची चार पाने होती. त्याने शांतपणे विचारले, "इस्पिकबद्दल मला कधी सांगणार होतात?"

त्याचा प्रश्न रास्त होता. पुन्हा बोलायला मिळेलच याची खात्री नसते. म्हणून एकच गोष्ट सांगता येणार असेल, तर अधिक मोलाची सांगावी. मोठ्या बक्षिसासाठी बोलीचे १०० गुण लागतात. इस्पिकच्या हाताला ३० गुण, म्हणून १० हात पुरतात. किलवरला २०, म्हणून ११ करावे लागतात. इस्पिक सर्व रंगांत वरचा, त्यामुळे '४ बदाम'वर '४ इस्पिक' म्हणता येते. किलवरसाठी पाचवर जावे लागते. '१ इस्पिक' एक पायरी खाली, म्हणून स्वस्तही आहे. शिवाय त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची '१ बदाम' म्हणण्याची वाट बंद होते.

तेव्हा '१ इस्पिक' म्हणावे आणि बोली फार वर गेली नाही, तर पुढच्या फेरीत किलवर दाखवावे. यात तोटा नाही का? आहे. डाव प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, तर भिडू पहिले पान इस्पिकचे टाकेल. आपल्याला किलवरचे हवे असेल. हा तोटा जाणून पत्करायचा असतो.

एक गोष्ट मात्र कधीही चालत नाही, ती म्हणजे चोरटी भाषा. बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला, तर तो सांगावाच लागतो. संकेत असावेत, पण उघडे.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. वरची १३ पाने बाजूला काढा. उरलेली ३९ नीट पिसून त्यांतली १३ 'भिडू'ची म्हणून उचला. इस्पिकची निदान तीन पाने आली का, आणि दोहोंपैकी एका तरी काळ्या रंगाची तीन आली का, हे टिपून ठेवा. तीस मुलांनी दहा-दहा वेळा केले, की तीनशे नोंदी होतात. ५४ आणि ८४ यांच्या किती जवळ जाता ते पाहा. पहिल्या दहा नोंदींवरून काढलेले टक्के आणि तीनशे नोंदींवरून काढलेले टक्के शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. त्यांच्यातला फरक कशामुळे पडला, हे मुलांनाच विचारा.