‘टाकलेले’ पैसे आणि ‘पोहोचलेले’ पैसे

आमच्या वरवट बकालच्या परिसरात कापसाचा हंगाम सुरू झाला की एक वाक्य वारंवार कानावर येते. व्यापारी म्हणतो, ‘‘भाऊ, पैसे टाकले, येतीन आता.’’ शेतकरी पासबुक घेऊन बँकेत जातो, तर खात्यात काहीच जमा नसते. मग संशय सुरू होतो. व्यापारी खोटे बोलला काय? बँकेने पैसे अडकवून ठेवले काय? आमच्या घरीही हा संशय अनेकदा जेवणाच्या ताटापर्यंत आलेला आहे, कारण त्याच पैशांतून माझी फी भरावयाची असते. अर्थशास्त्राच्या अभ्यासात ‘एनईएफटी’ हा शब्द आला, तेव्हा या मधल्या काळात पैसे नेमके असतात तरी कोठे, हे समजून घेण्याचे मी ठरविले. जे समजले ते वाचक मित्रांपुढे मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की, या वाटेवर नोटा प्रवास करीत नाहीत. प्रवास करतो तो संदेश. ‘अमुक खात्यातून इतकी रक्कम वजा केली आहे, ती तमुक खात्यात जमा करावी,’ एवढाच त्याचा मजकूर. प्रत्येक बँकेचा संगणक निराळा, त्याची बोली निराळी. म्हणून सर्वांना समजेल असा एकच नमुना लागतो. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने तयार केलेली ‘एसएफएमएस’ ही संदेशव्यवस्था 2001 साली सुरू झाली, आणि नोव्हेंबर 2005 मध्ये सुरू झालेली एनईएफटी तिच्यावरच उभी राहिली.

आता एखाद्या जिनिंगवाल्याने दोनशे शेतकऱ्यांचे चुकारे एकाच यादीत बँकेला दिले असे समजा. संगणक प्रथम ती यादी फोडतो आणि तिचे दोनशे स्वतंत्र संदेश करतो. प्रत्येकाला एक ओळख-क्रमांक मिळतो, त्याला ‘यूटीआर’ म्हणतात. संदेश कोणत्या बँकेकडे न्यावयाचा हे अकरा अक्षरी ‘आयएफएससी’वरून ठरते. त्यातील पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि उरलेली सहा शाखेची. थोडक्यात, पोस्टाच्या पिनकोडचेच काम.

एवढे झाल्यावर संदेश लगेच पुढे जातो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो थांबतो. रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात सर्व बँकांचे संदेश गोळा होतात आणि त्यांची ‘बॅच’ होते. बॅच म्हणजे आपल्या भाषेत घाणा. घाणा केव्हा काढावा, याच्या दोन रीती संभवतात. काळी-पिवळी माणसे भरल्याशिवाय हलत नाही, एस. टी. मात्र वेळ झाली की निघते, मग आत चार माणसे असोत की साठ. (निदान वेळापत्रकात तरी असेच छापलेले असते!) एनईएफटीने एस. टी.ची रीत स्वीकारली आहे. दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला 48 बॅच निघतात. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पाठविलेला संदेश साधारणपणे तीनच्या बॅचमध्ये बसतो.

पण मुळात थांबावयाचे कशासाठी? याचे उत्तर मला फार आवडले. समजा, एका बॅचमध्ये ‘क’ बँकेने ‘ख’ला 100 लाख देणे आहे, ‘ख’ने ‘ग’ला 80 लाख आणि ‘ग’ने ‘क’ला 70 लाख. एकूण व्यवहार 250 लाखांचा. पण वजाबाकी केली तर ‘क’ने फक्त 30 लाख द्यावयाचे, ‘ख’ला 20 आणि ‘ग’ला 10 मिळावयाचे. अडीच कोटींचे काम तीस लाखांत भागले! गावातील दुकानदार आपापसांतील उधारी दिवाळीला जशी वळती करून घेतात, तसाच हा प्रकार. याउलट दोन लाखांपासून वरच्या रकमांसाठी असलेल्या ‘आरटीजीएस’मध्ये प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे मिटवितात, म्हणून तेथे वाट पाहावी लागत नाही, मात्र बँकांना रक्कम पूर्ण हाताशी ठेवावी लागते. यूपीआयने पैसे क्षणात जमा होतात हे खरे, पण पडद्यामागे बँका आपसातील हिशेब तेथेही घाण्याघाण्यानेच मिटवितात.

बॅच मिटली म्हणजे शेतकऱ्याचे पैसे जमा झाले असे नव्हे. वजाबाकी झाल्यावर एकेक संदेश ज्याच्या-त्याच्या बँकेकडे जातो, आणि त्या बँकेने दोन तासांच्या आत रक्कम खात्यात जमा करावी किंवा परत पाठवावी असा नियम आहे. म्हणजे तीनच्या बॅचची मुदत पाचला संपते. दोनशेंपैकी एका शेतकऱ्याचे खाते बंद असेल, तर त्याचा एकट्याचा संदेश परत फिरतो, बाकीचे एकशे नव्व्याण्णव अडत नाहीत. यादी फोडून संदेश केल्याचा खरा लाभ हाच होय.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. रक्कम जमा होते ती केवळ खाते-क्रमांक पाहून, नाव पाहून नव्हे. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्याच्या घरी जातात. म्हणूनच पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

16 डिसेंबर 2019 पूर्वी रविवारी व सुटीच्या दिवशी बॅच निघतच नसे. शनिवारी सायंकाळी उशिरा कापूस मोजला तर सोमवारची वाट पाहणे आले. आता रात्री-अपरात्री आणि सणासुदीलाही बॅच निघते. त्यामुळे ‘आज बँक बंद होती’ ही सबब एनईएफटीच्या बाबतीत चालण्यासारखी नाही.

तेव्हा कोणी ‘टाकले’ म्हणाले, की आता मी बाबांना यूटीआर क्रमांक आणि वेळ मागून घ्यावयास सांगते. क्रमांकच नसेल तर संदेश निघालाच नाही असे समजावे आणि व्यापाऱ्याकडेच जावे. क्रमांक असेल आणि दोन तास उलटले असतील, तर तो कागदावर लिहून बँकेत दाखवावा. विलंब बँकेचा ठरला तर जितके दिवस उशीर, तितक्या दिवसांचे व्याज, रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने, ग्राहकाला मिळावयास हवे. ते मागण्यासाठी वेगळा अर्जही करावा लागू नये, असा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.