दारातली पथारी

नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला सकाळी रस्त्यावर पाऊल टाकलं की शहर उलटं करून झटकल्यासारखं दिसतं. घराघरासमोरच्या फुटपाथवर चादरी, पडदे, जुने गालिचे अंथरलेले असतात आणि त्यावर माळ्यावरचं सगळं सामान मांडलेलं असतं: टवके उडालेले कप, दोन तुकडे कमी असलेली कोडी, लहान झालेले स्केटिंगचे बूट, कुणीतरी भेट दिलेलं आणि कधीच न वापरलेलं फोंड्यूचं भांडं. हा राजा विल्यम-अलेक्झांडरचा वाढदिवस, म्हणजे ‘कोनिंग्सदाख’. त्या दिवशी भरणाऱ्या बाजाराला डच लोक ‘व्रेइमार्क्ट’ म्हणतात, म्हणजे मोकळा बाजार. कोणीही उठावं, आपलं वापरलेलं सामान रस्त्यावर मांडावं आणि विकावं. त्यासाठी परवाना लागत नाही, करही नाही. एरवी रस्त्यावर मांडायच्या प्रत्येक टेबलासाठी नगरपालिकेची परवानगी मागणारा हा देश वर्षातून एकदा हा हिशेब बाजूला ठेवतो. दारू आणि खाद्यपदार्थांबाबत गावोगावी वेगळे नियम असतात, पण जुन्या वस्तूंना रान मोकळं. युट्रेख्त शहराला तर सकाळपर्यंतही दम निघत नाही. तिथला बाजार आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो आणि रात्रभर चालतो.

या सणाचा जन्म १८८५चा. राजकन्या विल्हेल्मिनाच्या पाचव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्टला, युट्रेख्तमध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला. ती राणी झाल्यावर तो राणीचा दिवस झाला. मुलगी युलियाना गादीवर आल्यावर १९४९पासून तारीख ३० एप्रिल झाली. पुढच्या राणी बेआट्रिक्सचा वाढदिवस ऐन थंडीत, ३१ जानेवारीला. तेव्हा तिने आईचीच तारीख कायम ठेवली. जानेवारीच्या पावसात पथारी मांडायला कोण बसणार! २०१४पासून राजाचा वाढदिवस आला. २७ तारखेला रविवार पडला, तर सण एक दिवस आधी, शनिवारी होतो.

हा बाजार इतका सुरळीत कसा चालतो, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे सणाचा मूड आणि डच माणसाचा काटकसरी स्वभाव. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सणाचा मूड जगात सगळीकडे असतो आणि काटकसरी माणूस तर जुनी वस्तू घेताना अधिकच संशयी असतो. खरी अडचण तीच आहे. जुनी वस्तू म्हणजे एक लपवलेली गोष्ट. ती का विकायला काढली, हे विकणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं, की अशा बाजारात घेणारा प्रत्येक गाडी खराबच असेल असं धरून भाव पाडतो. मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारात येतच नाहीत आणि शेवटी खरोखर खराब मालच उरतो. पुढे २००१मध्ये ज्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं, त्यात हा निबंध मुख्य. त्याच निबंधात भारतातल्या सावकाराचाही दाखला आहे. बाहेरचा माणूस गावात कर्ज वाटू गेला तर बुडवेच त्याच्या पदरी पडतात. गावातला सावकार मात्र माणूस ओळखून पैसे देतो. (व्याज तो कसं लावतो, हा निराळा आणि कडू विषय आहे.) माहितीचा हा खड्डा ओळखीने बुजतो, आणि दारात मांडलेली पथारी नेमकं तेच काम करते, असं माझं म्हणणं आहे. विकणारा स्वतःच्या उंबऱ्याबाहेर बसलेला असतो. मागे दारावर घराचा क्रमांक, खिडकीत त्याचीच झाडं, शेजारी त्याचे शेजारी. मिक्सर चालू नसेल तर परत कुठे यायचं, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. तो परत जाणार नाही, एका युरोसाठी कोण जातं? पण जाता येईल, एवढं दोघांनाही माहीत असणं पुरेसं असतं. पावतीची जागा पत्ता घेतो.

एरवी कायदा जुन्या मालाकडे किती संशयाने पाहतो, हे पाहिलं की ही सूट किती मोठी आहे ते कळतं. नेदरलँड्समध्येच जुना माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला काय घेतलं आणि कुणाकडून, याची नोंदवही ठेवावी लागते, कारण चोरीचा माल याच वाटेने खपतो. फ्रान्समधल्या माळे-मोकळे-करा बाजारांत सामान्य नागरिकाला वर्षातून दोनदाच भाग घेता येतो, तोही केवळ स्वतःच्या वापरातल्या वस्तू घेऊन, आणि आपण दोनदाच आलो आहोत असं त्याला लेखी शपथेवर सांगावं लागतं. उत्तर फ्रान्समधल्या लील शहराची ‘ब्रादरी’ ही या जातीच्या बाजारांतली सर्वांत अवाढव्य. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे २० लाखांच्या घरात माणसं येतात आणि शिंपल्यांच्या जेवणानंतर हॉटेलांपुढे कवचांचे डोंगर साचतात. पूर्वी नोकरमाणसांना वर्षातून एका रात्री मालकाच्या घरातलं जुनंपानं विकायची मुभा असे, त्यातून ही प्रथा आली असं परंपरा सांगते. ती मुभाही घराला बांधलेली होती, हे लक्षात घ्यावं. नोकर कुणाचा, माल कुठल्या वाड्यातला, हे गल्लीला माहीत असणार. शपथपत्र आणि नोंदवही म्हणजे अनोळखी माणसांसाठी कागदावर उभं केलेलं दार आहे.

आता यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती भागात पथारी मांडणारे सगळे तिथले रहिवासी थोडेच असतात? नसतात. मोक्याच्या जागेसाठी लोक आधीच खडूने चौकोन आखून त्यात ‘बेझेट’, म्हणजे ‘जागा घेतलेली आहे’, असं लिहून ठेवतात. महापालिकेला ते मान्य नाही, तरी चौकोन उमटतातच. गर्दीच्या चौकात उपरे विक्रेते वाढतात, त्यात छुपे व्यापारीही घुसतात, आणि तिथे गिऱ्हाईक वस्तू उलटीसुलटी करून पाहतं, हे माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. जिथे दार नाही, तिथे दुसरं काहीतरी हमी म्हणून उभं राहावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या फोंडेलपार्कमध्ये ते मुलांच्या रूपात आहे. ती बाग त्या दिवशी मुलांसाठी राखलेली असते. मुलं आपली खेळणी विकतात, व्हायोलिन वाजवून नाणी जमवतात. सात वर्षांची पोरगी स्वतःची बाहुली अर्ध्या युरोला विकत असेल, तर त्या बाहुलीचा इतिहास कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप इंटरनेटचा. डच लोकांची ‘मार्क्टप्लाट्स’ ही जुन्या वस्तूंची साइट १९९९पासून चालू आहे. मग रस्त्यावर बसायचं कशाला? एक तर एक युरोच्या कोड्याला टपालखर्च परवडत नाही. स्वस्त वस्तूंची मोठी रास हातोहातच हलते. दुसरं म्हणजे अशा साइटवर विक्रेत्याला मिळणारे तारे, शेरे, ओळख पडताळणी हे सगळं दाराचंच अनुकरण आहे. महागाच्या सायकलीसाठी ते उपयोगी पडतं, फुटक्या कपासाठी नाही. कर न भरता होणाऱ्या या विक्रीबद्दलच्या दुकानदारांच्या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. त्या कपावरचा कर तो नवा घेतानाच भरला गेलेला असतो, आणि वर्षातून एकदा माळा रिकामा करणारा माणूस व्यापारी ठरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र सहज झटकता येत नाही. संध्याकाळी बाजार उठतो तेव्हा न खपलेलं सामान कित्येक जण तिथेच टाकून जातात आणि रात्री पालिकेच्या गाड्या ते उचलत फिरतात. शिवाय स्वस्त मिळालं म्हणून घेतलेली वस्तू पुढच्या वर्षी त्याच चादरीवर परत येते. पुनर्वापराचं पुण्य सांगणाऱ्यांनी ही फेरी मोजायला हवी. पण यातही एक फरक दिसतो. स्वतःच्या दारासमोरचा कचरा माणूस निदान घरात परत नेतो, किंवा ‘फुकट’ अशी पाटी लावून पायरीवर खोका ठेवतो. चौकात सोडलेला ढीग कुणाचाच नसतो.

हे आपल्याकडे का नाही, असं मराठी वाचकाच्या मनात येईल. जुन्या वस्तूंचा व्यवहार आपल्याकडे भरपूर आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवार भरतो, मुंबईचा चोर बाजार तर नावातच संशय घेऊन बसलेला आहे. घराच्या दारातही व्यवहार होतो, पण उलट्या दिशेने: बोहारीण दाराशी येते, चार साड्या आणि दोन पँटी उलगडून शिवण तपासते आणि स्टीलचं पातेलं द्यायचं की नुसता डबा, यावर तासभर हुज्जत चालते. भंगारवाल्याचा तराजूही दारातच लटकतो. पण वस्तू एकदा त्यांच्या पोत्यात गेली की तिचा पत्ता पुसला जातो, आणि बहुतेक घरांना तेच हवं असतं. आपलं उतरलेलं लुगडं समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने पैसे मोजून नेसावं, ही कल्पना देणारीला आणि घेणारीला सारखीच अवघड वाटते. ओळखीमुळे जसा विश्वास येतो तशी लाजही येते. डच घरमालकाला ती लाज नाही, कारण त्याचं पोट त्या पथारीवर नाही. एक दिवसाची गंमत आहे. आपल्याकडे फुटपाथवर चादर अंथरणाऱ्याचं पोट बहुधा त्या चादरीवरच असतं, आणि पथविक्रेत्यांसाठी २०१४चा कायदा होऊनही पालिकेची गाडी आली की त्याला ती गुंडाळावी लागते. त्यामुळे ती मोकळीक उचलून इथल्या रस्त्यावर आणा, असं सुचवण्यात अर्थ नाही.

तरी दाराची हमी इथेही नवी वाट शोधते आहे. मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्येच एक फोटो येतो: मुलाची सायकल, वापर कमी, किंमत बोलून ठरवू, बी विंग, फ्लॅट ३०२. सायकल पाहायला शेजारी संध्याकाळी चपला घालून दोन मजले उतरतो. बिल आहे का, असं तो विचारत नाही. मुलगा आता केवढा झाला, एवढंच विचारतो.