मत तर आहेच, यादीत नाव आहे का?

एप्रिलचं ऊन तापायला लागलं की आमच्या गल्लीत कुरडयांचा बेत ठरतो. एकीनं गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तीन दिवसांनी वाटून चीक काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी तिच्या गच्चीवर हजर व्हायचं. यंदा बेत आमच्याकडे होता. सोऱ्या फिरवायला दोन हात पुरतात, पण बायका जमल्या आठ. मग काय, कामापेक्षा मतंच जास्त!

पहिला वाद चिकावरून. कोपऱ्यावरच्या काकूंचं म्हणणं, जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ-हिंग घालून खळखळून उकळी आणायची आणि चीक बारीक धारेनं ओतत ढवळत राहायचं. पलीकडच्या वहिनी म्हणाल्या, “आधी चिकात थोडं गार पाणी घालून सारखा करून घ्या, म्हणजे गुठळी होतच नाही.” शेवटी दोन्ही केलं आणि चीक खरंच छान उतरला. दुपारी ठेचा करताना आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या हाताची आग आग झाली. त्या नळाखाली हात धरून उभ्या. काकू म्हणाल्या, “अगं, पाण्यानं ती आग जायची नाही. आधी तेल चोळ, मग साबणानं धू.” ही युक्ती मात्र लक्षात ठेवा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो.

जेवणं झाल्यावर टीव्ही लागला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे बायकासुद्धा क्रिकेटवर अधिकारवाणीनं बोलतात बरं का! विषय निघाला दीप्ती शर्माचा. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना होता. चेंडू पडायच्या आधीच क्रीझ सोडून पुढे गेलेल्या चार्ली डीनला दीप्तीनं पलीकडच्या टोकाला धावबाद केलं आणि सामना आपण जिंकला. एक म्हणाली, “असं जिंकणं बरं दिसत नाही.” दुसरी म्हणाली, “का? नियमात बसतं ना! तिनं आत राहायचं होतं.”

माझे सासरे १९८० च्या वानखेडेवरच्या कसोटीची गोष्ट नेहमी सांगत, ती मी त्यांना सांगितली. पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यानं परत बोलावलं. मग टेलर-बोथम जोडीनं मोठी भागीदारी केली आणि इंग्लंडनं तो सामना दहा गडी राखून जिंकला. तरी माणसं आजही विश्वनाथचं नाव आदरानं घेतात. यावर वहिनी चटकन म्हणाल्या, “त्यात फरक आहे. टेलर बाद नव्हताच, ही बाद होती.” मी गप्पच झाले. मुद्दा बरोबर होता!

कोपऱ्यात बसलेल्या आजींना यातलं काही ऐकू येत नव्हतं. कान गेल्याला आता सात-आठ वर्षं झाली. त्यांची तक्रार वेगळीच. “मालिकेत नुसती तोंडं हलतात. खाली मराठीत लिहून यायला काय होतं?” आजींना अक्षरओळख झाली ती साक्षरतेच्या वर्गात, चाळिशी ओलांडल्यावर. पण वाचन टिकलं ते टीव्हीवरच्या गाण्यांमुळे. अहमदाबादच्या आयआयएममधले तेव्हाचे प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी एक साधी कल्पना मांडली होती. गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत खाली ओळी दाखवायच्या. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये २००२ पासून तशा ओळी येऊ लागल्या. पाठ असलेलं गाणं डोळ्यांनी वाचता वाचता आजींसारख्यांचं वाचन सुधारलं. ऐकू न येणाऱ्यांसाठी कार्यक्रमांना अशा ओळी असाव्यात, यासाठी २०१९ मध्ये सरकारनं मानकंही काढली. पण आजींच्या आवडत्या मालिकांना त्या अजून दिसत नाहीत.

असा सगळा रंग चढला असताना मी सहज विचारलं, “बायांनो, चीक, क्रिकेट, मालिका, सगळ्यावर तुमचं मत पक्कं. मग निवडणुकीला मत कुणाला द्यायचं, हे घरात ठरवतं कोण?”

एकदम शांतता. एक म्हणाली, “हे सांगतात, आम्ही जातो.” दुसरी हसली, “त्यातलं आपल्याला काय कळतं?” गंमत बघा, आपल्या भाषेत विचाराला आणि मतदानालाही ‘मत’ हाच शब्द आहे. मग एक मत आपलं आणि दुसरं नवऱ्याचं, असं कसं?

तेवढ्यात वहिनींची सून हळूच बोलली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या वेळी ती सकाळी सातला ओळखपत्र घेऊन रांगेत उभी होती. यादीत नावच नाही. माहेरी कुणीतरी “लग्न होऊन गेली” सांगितलं, तिथलं नाव कमी झालं. सासरी घालायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. “घरातले सगळे बोटाला शाई लावून आले,” ती म्हणाली, “मी मात्र इथलीही नाही आणि तिथलीही नाही.” वहिनींनी मान खाली घातली. त्या वाईट सासू नाहीत. रेशनकार्डावर सुनेचं नाव त्यांनी पहिल्याच महिन्यात घातलं होतं. हे मात्र राहून गेलं.

हे जुनं दुखणं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असं सांगितलं होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं स्वीकारली नाहीत. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा शिकवतात. त्या बायकांना स्वतःचं नाव घ्यायलाच कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. ओळखपत्र कपाटात आहे म्हणजे नाव यादीत असेलच असं नाही, यादी बघा. माहेरच्या यादीत नाव असेल तर पत्ता बदलण्यासाठी आठ नंबरचा अर्ज. कुठेच नसेल तर सहा नंबरचा. आपल्या भागाच्या बीएलओंना भेटा किंवा १९५० या क्रमांकावर विचारा. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही, म्हणून निवडणूक लागायची वाट बघू नका. आणि मत गुप्त असतं. आत तुम्ही काय केलंत ते घरी सांगायची सक्ती नाही. कुणीच पसंत नसेल तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटणही आहे.

हे सगळं आजींना पाटीवर लिहून दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला कुणाचं ऐकूच येत नाही. मी नावं वाचते आणि मला पटेल ते बटण दाबते.”

संध्याकाळी कुरडया गोळा करायच्या आत वहिनींच्या सुनेनं सहा नंबरचा अर्ज भरला. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. वहिनी शेजारी बसून कागदपत्रं लावून देत होत्या.