मोराच्या पोटातला माणूस

सिंधू लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलर, ही तमिळनाडू सरकारची जानेवारी २०२५ मधली घोषणा. तेव्हापासून जो तो मुद्रा वाचायला बसलाय. वाचोत बापडे. मला ओढ आहे ती हडप्प्याच्या रंगीत रांजणांची. ते घडले तोवर ही लिपी वापरातून गेलीच होती.

ते निघाले हडप्प्याच्या ‘सिमेट्री एच’मध्ये, इ.स.पू. १९०० नंतरच्या दफनभूमीत. या दफनभूमीच्या वरच्या थरात नुसते रांजण. कुणाची कवटी आणि चार लांब हाडं आत ठेवलेली; तान्ही मुलं मात्र अख्खी, हातपाय पोटाशी घेतलेली. रांजणांवर तांबडा लेप, त्यावर काळ्या रंगात मोर. त्यातल्या काही मोरांचं पोट म्हणजे पोकळ वर्तुळ, आणि त्या वर्तुळात इवलासा आडवा माणूस!

उत्खनन करणाऱ्या माधोस्वरूप वत्स यांनी १९४० च्या अहवालात अर्थ लावला: मोर मृताला परलोकी नेतोय. आणखी एका चित्रात दोन जनावरांच्या मध्ये उभा माणूस आणि एक कुत्रा आहे. तो कुत्रा वत्सांना यमाचा वाटला. ऋग्वेद शेजारी ठेवला की सगळं जुळतं. जुळणारच, जुळवायलाच बसल्यावर. पुढे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना याच दफनभूमीत आर्य आक्रमक दिसले. त्या हल्ल्याचा पुरावा काही टिकला नाही. आपणही सावध राहिलेलं बरं. दहाव्याला कावळा शिवायची वाट पाहणाऱ्यांना वत्सांचा मोर जरा जास्तच पटकन पटतो.

माझं लक्ष मोरापेक्षा पोटाकडे जातं. मडक्याला तोंड, गळा, पोट, बूड असतं असं आपण सहज म्हणतो. हडप्प्यात मोराच्या पोटात माणूस आणि रांजणाच्या पोटात मूल. मग पक्ष्याचं उड्डाण महत्त्वाचं की ते पोट?

आता रांजणाच्या पोटासाठी इनामगावला या. पुणे जिल्हा, घोड नदीचा काठ, डेक्कन कॉलेजचं १९६८ ते १९८३ चं उत्खनन. हडप्प्याशी थेट नातं सांगण्याचा माझा हट्ट नाही. पण तिथेही घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन करडे, ओबडधोबड रांजण निघाले, आणि त्यांच्या आत तान्हं मूल. त्यांवर मोर नाही, माणूस नाही, रंगाची एक रेघही नाही.