विश्लेषण : वाटाण्याएवढ्या ‘पफर’ माशाचे सोबती निवडताना चूक कुठे होते?

जेमतेम इंचभर लांबी, पिवळट-हिरव्या अंगावर काळे ठिपके आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे डोळे यामुळे ‘पी पफर’ हा मासा शोभिवंत मासे पाळणाऱ्यांचा लाडका झाला आहे. एवढासा मासा कुणाला काय त्रास देणार, या समजुतीने तो गप्पी किंवा फायटर माशांच्या टाकीत सोडला जातो. काही दिवसांतच इतर माशांचे पर आणि शेपट्या कुरतडलेल्या दिसू लागतात. मग दोष नेमका कोणाचा?

हा मासा मूळचा कुठला?

तो आपल्याच पश्चिम घाटातला आहे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील पंबा, चालकुडीसारख्या नद्यांच्या संथ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तो राहतो. १९४१ मध्ये सुंदरलाल होरा आणि नायर यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. त्रावणकोर संस्थानावरून त्याला ‘कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस’ हे नाव मिळाले. पफर कुळातील अनेक मासे समुद्रात किंवा खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात. हा मात्र आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो. त्यामुळे ‘पफर आहे म्हणून’ टाकीत मीठ घालण्याची गरज नाही.

तो इतरांचे पर का कुरतडतो?

पफर माशांचे दात जुळून त्यांची चोच बनलेली असते आणि ती सतत वाढत राहते. छोटे शंख, पाणकिडे, अळ्या टिपून खाणे हा त्याचा स्वभाव. हलणारी प्रत्येक गोष्ट तो आधी निरखतो आणि मग चावून पाहतो. संथपणे हलणारा लांब, झिरमिळीत पर त्याला खाद्यासारखाच वाटतो. शिवाय प्रौढ नर आपल्या हद्दीबाबत कमालीचे आक्रमक असतात.

कोणते मासे सोबत नकोत?

गप्पी, फायटर, एंजल असे लांब परांचे किंवा संथ मासे पूर्णपणे टाळावेत. गोल्डफिशही नको. त्याला तुलनेने थंड पाणी मानवते, तर पी पफरला साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते. सिक्लिडसारखे मोठे, दांडगे मासे उलट पफरलाच त्रास देतात. गोगलगायी सोबती म्हणून ठेवू नयेत, कारण त्या त्याचे अन्न आहेत. कोळंबीच्या पिल्लांचेही तसेच. मोठी कोळंबी दाट वनस्पतींत कधी तगते, कधी तगत नाही.

मग चालतील असे कोणते?

आखूड परांचे, चपळ आणि घोळक्याने राहणारे हार्लेक्विन रासबोरासारखे मासे काही टाक्यांमध्ये टिकतात. काचेवरचे शेवाळ खाणारे ओटोसिन्क्लस आणि तळाशी दडून राहणारे कुहली लोच यांचाही पर्याय आहे. मात्र यात हमी नाही. एक पफर शांत निघतो, दुसरा त्याच टाकीत धुमाकूळ घालतो. दुसरी अडचण खाण्याची. पफर सावकाश, निरखून खातो. चपळ मासे तोवर सगळे फस्त करतात आणि पफर उपाशी राहतो. तो कोरडे दाणे सहसा खात नाही. त्याला ब्लडवर्म, डॅफ्निया, छोटे शंख असे जिवंत किंवा गोठवलेले खाद्य लागते. त्यामुळे सोबती ठेवलेच, तर प्रत्येक पफरचे पोट भरते आहे का, हे रोज पाहावे लागते. खपाटीला गेलेले पोट हे उपासमारीचे किंवा पोटातील जंतांचे लक्षण असते.

सर्वांत सुरक्षित पर्याय कोणता?

फक्त पी पफरसाठी स्वतंत्र टाकी. २ फूट लांब आणि १ फूट रुंद-उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. अशा टाकीत एका नरामागे दोन-तीन माद्या, असा लहान गट ठेवता येतो. प्रौढ नराच्या पोटाखाली गडद रेघ आणि डोळ्यांमागे सुरकुत्यांसारख्या रेषा दिसतात. पिल्लांमध्ये हा फरक कळत नाही, म्हणून पुढे एखादा नर वेगळा काढण्याची तयारी हवी. जावा मॉस, हॉर्नवर्टसारख्या वनस्पती आणि लाकडाचे तुकडे असे रचावेत, की मासे एकमेकांच्या नजरेआड होऊ शकतील. टाकी नव्याने भरून लगेच मासे सोडू नयेत. पाण्यातील अमोनिया त्यांना सहन होत नाही, त्यामुळे फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू वाढण्यासाठी काही आठवडे द्यावेत.

ही काळजी महत्त्वाची का?

‘आययूसीएन’च्या लाल यादीत हा मासा ‘असुरक्षित’ गटात आहे. अधिवासाचा ऱ्हास आणि शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी होणारी पकड ही त्याची मुख्य कारणे. घरच्या टाकीत त्याची वीण होते, पण बाजारात येणारे मासे मोठ्या प्रमाणावर आजही नद्यांतूनच पकडले जातात. म्हणजे चुकीच्या सोबतीमुळे टाकीतला एक पफर दगावला आणि त्याजागी दुसरा आणला, तर ती भरपाई बहुधा घाटातल्या एखाद्या नदीतूनच होते. त्यामुळे खरेदीपूर्वी टाकीत पैदास झालेले मासे मिळतात का, हे दुकानदाराला विचारावे. आधीच गजबजलेली टाकी असेल, तर हा मासा न घेणेच योग्य. आणि तो नकोसा झाला, तरी जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नये. दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या जाणकाराकडे सोपवावा.